जुनी मारुती ८००: कॉइल बदलूनही 'कॉइल-मीटर'चा फ्यूज सारखा उडतोय

फेरफटका_९२ (धागाकर्ता)

गाडी १९९२ ची मारुती ८००, कार्बोरेटर, पॉइंटवालं डिस्ट्रिब्युटर (ठिणगी बनवणाऱ्या कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क म्हणजे पॉइंट). फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर 'कॉइल, मीटर' असं छापलेला १५ अँपिअरचा निळा फ्यूज उडतो. उडाला की इंजिन जागच्या जागी बंद, पेट्रोलचा आणि टेंपरेचरचा काटा खाली, रिव्हर्सचा दिवाही गेलेला. हेडलाइट आणि हॉर्न मात्र चालू.

आतापर्यंत कॉइल, कंडेन्सर, पॉइंट नवीन टाकून झाले. फरक शून्य. पंधरा दिवसांत सहा फ्यूज. गॅरेजमधून दोनच सल्ले मिळाले: २० चा फ्यूज टाका, नाहीतर सगळं वायरिंग नवीन करा. दोन्हीची इच्छा नाही. मल्टिमीटर आहे, पाना-पक्कड हातात बसते. सुरुवात कुठून करू?

वंगण

आधी एक काम करा: नवीन पार्ट आणणं थांबवा. फ्यूज हा साक्षीदार आहे, त्याची साक्ष अजून कुणी घेतलेलीच नाही.

उडालेले फ्यूज फेकले नसतील तर उजेडात धरून बघा. निळ्या प्लास्टिकच्या खिडकीत आतली पट्टी पूर्ण गायब आणि प्लास्टिक आतून काळं-चंदेरी झालेलं असेल, तर एका क्षणात प्रचंड करंट गेला, म्हणजे सरळ शॉर्ट. पट्टी मधेच वितळून बारीक फट पडलेली आणि खिडकी स्वच्छ असेल, तर थोडा जास्त करंट बराच वेळ वाहिला. आणि पट्टी शाबूत, पण पायाजवळचं प्लास्टिक वितळलेलं असेल, तर करंटचा दोषच नाही. फ्यूज बसतो ती क्लिप सैल आहे आणि तिथे उष्णता होतेय.

दुसरं, नेमका कधी उडतो? चावी ऑन करताच, सेल्फ मारताना, उभ्या गाडीत तापल्यावर, खड्ड्यात, रिव्हर्स टाकल्यावर, की पावसात? यातलं प्रत्येक उत्तर वेगळ्या जागी नेतं. चावी ऑन करताच उडत असेल तर शॉर्ट कायमचा आहे आणि अर्ध्या तासात सापडतो. रिव्हर्सला उडत असेल तर गिअरबॉक्सवरच्या स्विचची वायर, डिकीतला होल्डर किंवा कुणीतरी त्या लाइनवर टांगलेला रिव्हर्सचा भोंगा. खड्ड्यात उडत असेल तर घासलेली वायर.

पाना_दहा_अकरा

वंगणकाकांना +१. चावी ऑफ असताना फ्यूज काढा आणि दोन्ही क्लिपांवर बॉडीच्या संदर्भात व्होल्टेज बघा. चावी ऑफ असतानाही एका बाजूला १२ व्होल्ट आले, तर फ्यूज चावीच्या आधी आहे. मग स्टिअरिंगखालचा स्विच आणि त्याची वायरही संशयितांत धरायची. दोन्हीकडे शून्य आणि चावी ऑन केल्यावरच एका बाजूला १२, तर फ्यूज चावीनंतर आहे आणि स्विच निर्दोष सुटला.

फेरफटका_९२

सहापैकी चार सापडले. चारही आतून काळे, पट्टी पार उडालेली. पाय स्वच्छ.

चावी ऑफ: दोन्हीकडे शून्य. ऑन: एका बाजूला १२.२.

उभ्या गाडीत अर्धा तास आयडलला ठेवली तरी उडत नाही. चालवताना १०-१५ मिनिटांनी उडतो. फ्लायओव्हरच्या सांध्यांवर दोनदा, सिग्नलला झटक्यात उचलली तेव्हा तीनदा.

बॅटरीची निगेटिव्ह काढून फ्यूजच्या गाडीकडच्या क्लिपपासून बॉडीपर्यंत कंटिन्युटी पाहिली. बीप वाजते! मग शॉर्ट कायमचाच ना?

वंगण

नाही. या बीपने कित्येकांना फसवलंय. बहुतेक मल्टिमीटर ३०-५० ओहमच्या खाली काहीही आलं की वाजतात आणि तुमची कॉइलच मुळात ३ ओहमची आहे. २१ वॅटचा थंड बल्ब तर अर्ध्या-पाऊण ओहमचा भरतो, तो लाइनवर असला की मीटर 'शॉर्ट'च म्हणणार. बीप बंद करा, २०० ओहमच्या रेंजवर आकडा वाचा. त्याआधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा लिहून ठेवा आणि वजा करा.

फेरफटका_९२

पिना टेकवून ०.४. लाइनवर ३.०. म्हणजे २.६. कॉइलची वायर सोडवून फक्त कॉइल मोजली तर वजाबाकी करून ३.१.

वंगण

तब्येत ठणठणीत. पॉइंट मिटलेले आहेत म्हणून कॉइल बॉडीला जोडलेली दिसते, तिच्या जोडीला कार्बोरेटरचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) आणि मीटर. २.६ ओहम म्हणजे १२ व्होल्टला साडेचार-पाच अँपिअर. १५ च्या फ्यूजला त्याचं काहीच नाही. तुमचा शॉर्ट येऊन-जाऊन आहे आणि आत्ता तो गेलेला आहे.

कंडेन्सरबद्दल एक सांगून ठेवतो, कारण तो उगाच बदलला जातो. डिस्ट्रिब्युटरवरचा कंडेन्सर कॉइलच्या *पलीकडे*, पॉइंटच्या बाजूला असतो. तो आतून शॉर्ट झाला तर ठिणगी बंद होईल, गाडी सुरू होणार नाही, पण करंट कॉइलमधूनच जाणार, म्हणजे ४ अँपिअरच्या वर जाणारच नाही. फ्यूज उडायचा प्रश्न नाही. उडवू शकतो तो दुसरा: रेडिओची खरखर जावी म्हणून कॉइलच्या *पॉझिटिव्ह*ला लावलेली छोटी पत्र्याची डबी, एक वायर आणि बॉडीला स्क्रू. ती आतून बसली की सरळ शॉर्ट. तुमच्या गाडीत आहे का बघा. असेल तर आधी तिची वायर काढून ठेवा. गाडीला तिच्यावाचून काही अडत नाही.

घाटवाट

एवढं कशाला? २० चा टाका आणि विसरा. आपल्याकडच्या उन्हात १५ चा फ्यूज असाही कमजोर पडतो.

पाना_दहा_अकरा

घाटवाट, उन्हाचा मुद्दा अर्धा खरा आहे. फ्यूजचं रेटिंग २५ अंशाला दिलेलं असतं, त्यापेक्षा तापलेल्या जागी तो थोडा आधी उडतो. म्हणूनच सततचा लोड रेटिंगच्या पाऊण हिश्शात ठेवायचा असतो, म्हणजे १५ च्या फ्यूजवर ११ पर्यंत. पण इथे लोड पाचाचा आहे! रिव्हर्सचे दोन्ही दिवे लावले तरी २१ वॅटचे दोन मिळून साडेतीन अँपिअर वाढतील. नऊच्या आत खेळ संपतो.

आणि पट्टी काळी होऊन उडालीय. ब्लेड फ्यूज रेटिंगच्या १३५ टक्क्यांवर, म्हणजे १५ चा २० अँपिअरवर, दहा मिनिटांपर्यंतही तग धरू शकतो. दुप्पट करंटला पाच सेकंदांच्या आत जातो. काळा धूर सोडत जातो तेव्हा त्यातून शंभर-दीडशे अँपिअर गेलेले असू शकतात, कारण समोर आख्खी बॅटरी आहे. तिथे २० चा काय आणि ३० चा काय, तोही उडेल. फरक एवढाच की ३० चा उडेपर्यंत ती बारीक वायर हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) आत शेजारच्या चार वायरींना घेऊन वितळलेली असेल. ज्या दिवशी शॉर्ट नीट न टेकता निसटता टेकेल, २५ अँपिअरच वाहतील, त्या दिवशी ३० चा फ्यूज उडणारच नाही आणि डॅशबोर्डखालून धूर येईल. सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळणाऱ्यांना तर नमस्कारच.

घाटवाट

पटलं. शब्द मागे.

तांब्याची_तार

आता मुख्य कामाकडे. दर वेळी फ्यूज जाळून शोधत बसू नका. फ्यूजच्या जागी बल्ब लावा.

एक जळका निळा फ्यूज घ्या, त्याच्या दोन्ही पायांना वरून दीड-दोन फुटांची एकेक वायर डाग देऊन जोडा. आता हा तुमचा प्लग झाला, डब्यात नेहमीसारखा बसतो. दोन्ही वायरींच्या टोकांना हेडलाइटचा एच-४ बल्ब, त्याचा एकच फिलामेंट. ५५ किंवा ६०, कोणताही चालेल. दोन्ही एकत्र नकोत.

सरळ शॉर्ट झाला तरी बल्बमुळे पाच अँपिअरच्या वर काही वाहत नाही. वायर गरमही होत नाही. बल्ब लख्ख पेटला की शॉर्ट, विझला की गेला. दिवसभर टेकवत बसा, एकही फ्यूज खर्च नाही.

पण इथे एक मेख आहे. पुष्कळ जण ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब लावायला सांगतात. तो या लाइनवर गोंधळ घालतो. पॉइंट मिटलेले असले की कॉइलच्या तीन ओहममधून दीडएक अँपिअर जातो आणि २१ वॅटच्या बल्बला तेवढं पुरतं. तो चांगला पेटतो आणि तुम्हाला वाटतं शॉर्ट सापडला. हेडलाइटचा बल्ब त्याच कॉइलवर नुसता लालसर होतो. शॉर्ट आणि लोड यांतला फरक डोळ्यांना दिसतो. तरीही सर्वांत चांगलं म्हणजे कॉइलच्या पॉझिटिव्हची वायर सोडवायची, तिच्या टोकाला टेप लावायची (ती चावी ऑनला जिवंत असते, विसरू नका) आणि मग बल्ब लावायचा. कॉइल तशीच ठेवून चावी ऑन करून पाच-दहा मिनिटं बसलात तर नवी कॉइलही तापते.

बल्ब हाताशी येईल असा काचेवर किंवा बॉनेटच्या कडेला टांगा. सीटवर, पायपुसण्यावर, प्लास्टिकवर ठेवू नका, काच भाजते. आणि बल्ब लावलेल्या अवस्थेत सेल्फ मारू नका.

वंगण

तारेने नेमकं सांगितलं. मल्टिमीटरवाल्यांसाठी पुरवणी: अँपिअरच्या सॉकेटमध्ये पिन घालून मीटर फ्यूजच्या जागी लावायचा मोह टाळा. शॉर्ट आला की मीटरचा फ्यूज जाईल आणि स्वस्त मीटरमध्ये त्या सॉकेटला फ्यूजच नसतो. क्लॅम्प मीटर असेल तर तो डीसी मोजणारा आहे याची खात्री करा. घरच्या वायरमनकडचा बहुधा फक्त एसीचा.

फुकटातला उपाय असा: फ्यूज बसलेला असू द्या. ब्लेड फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडी भोकं असतात, तिथे पिना टेकवून मिलिव्होल्ट मोजा. १५ च्या फ्यूजचा रेझिस्टन्स साधारण पाच मिलिओहम. म्हणजे ५ मिलिव्होल्ट = १ अँपिअर. अचूक नाही, पण कामापुरतं आहे.

फेरफटका_९२

मिलिव्होल्टवालं लगेच करून पाहिलं. चावी ऑन, इंजिन बंद: २३. मग पंख्याच्या पट्ट्याने इंजिन थोडं फिरवलं तर एकदम ४ वर आलं. अजून थोडं फिरवलं, परत २३. काही बिघडलंय का?

वंगण

ते तुमचे पॉइंट उघडले आणि मिटले! मिटले की कॉइलचे चारेक अँपिअर, उघडले की फक्त मीटर आणि सोलेनॉइड. इंजिन चालू असताना १२-१५ च्या आसपास दिसेल, कारण पॉइंट जवळपास निम्मा वेळच मिटलेले असतात. सगळं जागेवर. पण पुढच्या वेळी पट्ट्याला हात लावण्याआधी चावी ऑफ.

कॉइल बदललीच आहे तर एक खातरजमा. बाजारात दीड ओहमच्याही कॉइल मिळतात, त्या बाहेरून बॅलास्ट रेझिस्टर (करंट आवरणारा) लागणाऱ्या. बॅलास्टशिवाय लावली तर आठ अँपिअर घेते, फ्यूज उडत नाही पण कॉइल भाजून निघते आणि पॉइंट काळे पडतात. तुमची ३.१ आली, म्हणजे योग्य बसवलीय.

लाल_मातीचा_रस्ता

धाग्यात घुसतो, माफ करा. माझ्याकडे अँबेसिडर. तिचाही चावीवरचा फ्यूज जातो पण इंजिन बंद पडत नाही. हे कसं?

वंगण

लुकास (ब्रिटिश कंपनी) पद्धतीचं वायरिंग. चावीपासून कॉइलपर्यंत पांढरी वायर जाते, तिच्यावर फ्यूजच नाही. त्याच पांढऱ्यावरून फ्यूजच्या एका टोकाला येतं आणि पलीकडून हिरव्या वायरी निघतात: ब्रेकलाइट, इंडिकेटर, वायपर, पेट्रोलचा काटा. फ्यूज गेला की हिरवं सगळं मेलं, इंजिनला पत्ताही नाही. तेव्हा तुम्ही कॉइलकडे बघूच नका. हिरव्या वायरी एकेक करून सोडवा. ब्रेक दाबल्यावर उडतो की इंडिकेटर दिल्यावर, एवढ्यातच निम्मं उत्तर मिळतं.

अजून एक, आणि हे महत्त्वाचं. लुकासच्या जुन्या काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं ते *उडण्याचं* रेटिंग आहे. सततचं रेटिंग त्याच्या निम्मं, साधारण १७. आजच्या बहुतेक काचेच्या फ्यूजवर सततचं रेटिंग छापतात. दुकानातून तसला ३५ आणून बसवलात तर तुम्ही नकळत दुप्पट फ्यूज टाकलात. साध्या फ्यूजमधला १५ चा घ्या. पद्मिनीवाल्यांचा प्रकार तिसराच: टोकदार टोप्यांचे, उघड्या पट्टीचे फ्यूज, पांढरा ८ चा आणि लाल १६ चा. तिथे निम्म्या तक्रारी शॉर्टच्या नसतातच, पितळी क्लिपांचा ताण गेलेला असतो.

वेगळा धागा काढा, सविस्तर बोलू.

सुतारपक्षी

उंदीर राहिले की. पावसाळ्यात बॉनेटखाली ऊब शोधत येतात आणि वायरीचं कव्हर सोलून ठेवतात. बॅटरीच्या ट्रेखाली, एअर फिल्टरच्या डबीमागे लेंड्या किंवा चिंध्या दिसतात का बघा. दिसल्या तर आधी तिथलंच हार्नेस तपासा.

तांब्याची_तार

धागाकर्त्यांच्या वर्णनावरून माझा कौल इंजिनाच्या हालचालीकडे. आयडलला अर्धा तास नाही, पण झटक्यात उचलल्यावर तीनदा, सांध्यावर दोनदा. आयडलला इंजिन जागेवर थरथरतं. क्लच सोडून जोर दिला की ते रबरी माउंटिंगवर झोका घेतं. त्या झोक्यात कुठलीतरी वायर ताणली जातेय किंवा कशाला तरी टेकतेय.

तेव्हा असं करा. कॉइलची वायर सोडवलेली, टेप लावलेली. हँडब्रेक, गिअर न्यूट्रल. बल्ब लावा, चावी ऑन. बल्ब विझलेला असायला हवा. एकाने बल्बकडे बघत बसायचं, दुसऱ्याने दोन्ही हातांनी इंजिन वरच्या बाजूने मागे-पुढे ढकलायचं. बल्ब लुकलुकला की जिंकलात.

मग तोडत जायचं. रिव्हर्स स्विचचा कनेक्टर काढा, पुन्हा हलवा. कार्बोरेटरच्या सोलेनॉइडची वायर काढा, पुन्हा हलवा. रेडिओची डबी असेल तर ती. अल्टरनेटरचा प्लग. जे काढल्यावर लुकलुकणं थांबेल, चोर त्या फांदीवर. सगळं काढूनही थांबलं नाही तर चोर खोडातच आहे, म्हणजे फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) ग्रोमेटपासून, म्हणजे वायर जाते त्या भोकातल्या रबरापासून, कॉइलपर्यंतच्या मुख्य वायरीत. जुन्या सुझुकी वायरिंगमध्ये ती बहुधा काळ्यावर पांढरी रेघ असते. निव्वळ काळी म्हणजे अर्थ. रेघ धुळीने दिसत नाही, कापडाने पुसून खात्री करा. तीस वर्षांत कुणी कुठल्या रंगाची वायर जोडली असेल ते सांगता येत नाही, म्हणून रंगावर भरवसा न ठेवता मीटर लावूनच पुढे.

फेरफटका_९२

रविवारी केलं. बल्ब टांगला, चावी ऑन, अंधार. इंजिन पुढे ओढलं: अंधार. मागे, फायरवॉलकडे ढकललं: लख्ख! सोडलं की गेला. पाच वेळा ढकललं, पाचही वेळा पेटला.

रिव्हर्स स्विच काढला: पेटतो. सोलेनॉइड काढला: पेटतो. अल्टरनेटरचा प्लग: पेटतो. रेडिओची डबी गाडीत नाही. म्हणजे खोडात. पण मुख्य वायर ग्रोमेटपासून कॉइलपर्यंत हाताने तपासली, कुठेही सोललेली नाही. ग्रोमेटही जागेवर आहे, कडक झालंय पण चिरलेलं नाही. आता?

तांब्याची_तार

आता हार्नेसची टेप उघडा. कॉइलपासून मागे एक फूट. बोटाला कुठे जाड, गाठीसारखं लागतंय का? आणि एक प्रश्न: गाडीला कधी एलपीजी किंवा सीएनजीचं किट होतं का? डिकीत टाकीच्या क्लॅम्पची भोकं, डॅशबोर्डवर स्विच काढल्याची खूण?

होकायंत्र

टेप फाडण्याआधी एक स्वस्त युक्ती. बल्बच्या सिरीजमध्ये इंडिकेटरचा फ्लॅशर जोडा. इंजिन ढकललेल्या अवस्थेत लाकडाची पाचर लावून ठेवा, म्हणजे शॉर्ट टिकून राहील. आता पाच अँपिअरचा करंट सेकंदाला दीडेक वेळा चालू-बंद होतो. साधं सुईवालं होकायंत्र हार्नेसच्या वरून नेत चला, वायर सुईला समांतर राहील असं. जिथपर्यंत शॉर्टचा करंट वाहतोय तिथपर्यंत सुई प्रत्येक ठोक्याला उडी मारते, शॉर्टच्या पुढे गेलात की शांत. टेपच्या आत, कार्पेटखालीही चालतं. पत्र्याला अगदी चिकटून सुई दगा देते, दोन-तीन सेंटिमीटर वर धरा. मोबाइलमधलं होकायंत्र यासाठी फार मंद आहे.

फेरफटका_९२

होकायंत्र मुलाच्या कंपासपेटीतलं. फ्लॅशरही होता. सुई ग्रोमेटपासून कॉइलकडे येताना उड्या मारत होती, कॉइलच्या वीतभर आधी मंदावली. पण तिथून *खाली*, फायरवॉलच्या दिशेने नेली तर पुन्हा उड्या!

तिथली टेप उघडली. आत गाठ. मुख्य वायरीचं कव्हर दोन सेंटिमीटर सोलून त्यावर एक पिवळी वायर पिळून बांधलेली, वर काळी टेप. पिवळी वायर हार्नेसच्या खालून दीड फूट जाऊन फायरवॉलवरच्या एका रिकाम्या ब्रॅकेटपाशी संपते. टोकाला टेपची गुंडाळी होती, ती उन्हाने आणि इंजिनाच्या उष्णतेने चिकट होऊन अर्धी खाली सरकलेली. सहा-सात मिलिमीटर तांबं उघडं. ब्रॅकेटच्या कडेवर खसखशीएवढे चकचकीत खड्डे, मोजले तर आठ-नऊ. पिवळ्याच्या टोकाची तांब्याची तार काळी, टोकाला बारीक गोळी झालेली.

आणि हो, डिकीत चार भोकं आहेत. रबरी बुचं लावलेली.

तांब्याची_तार

काढलेल्या एलपीजी किटचं शेपूट. किट काढणारा रेग्युलेटर नेतो, टाकी नेतो, स्विच नेतो. कॉइलच्या लाइनवरून सोलेनॉइडला दिलेली वायर मात्र कापून टेप गुंडाळून सोडून देतो. त्या खड्ड्यांची संख्या म्हणजे तुमच्या फ्यूजचं खातं.

आता पिवळी नुसती टेप लावून पुन्हा कोंबू नका. गाठीपासून कापा आणि गाठही काढा. पिळलेल्या जागी मुख्य वायरीच्या किती तारा तुटल्यात ते मोजा; हिरवट झालेल्या असतील तर त्याही गेल्या समजा. निरोगी चमकदार तांबं दिसेपर्यंत दोन्हीकडे कापत जा, बहुधा चार-पाच सेंटिमीटर जातील. मधे त्याच जाडीची किंवा एक नंबर जास्त, म्हणजे सव्वा स्क्वेअर मिलिमीटरची गाडीची वायर घाला. घराच्या वायरिंगची नको, तिचं कव्हर पेट्रोल-ऑइलपुढे टिकत नाही.

पाना_दहा_अकरा

जोड क्रिंपचा (पकडीने दाबलेला) की सोल्डरचा (डाग दिलेला) यावर इथे आधी महाभारत झालंय, म्हणून थोडक्यात. चांगल्या क्रिंपिंग पकडीने दाबलेला उघडा तांब्याचा क्रिंप, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह. सोल्डर करायचाच असेल तर कमी. तो तारांमधून आत शोषला जातो आणि जिथे संपतो तिथे वायर काडीसारखी कडक होते. इंजिनाच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना पाच सेंटिमीटरच्या आत हार्नेस बांधलेला हवा. स्लीव्ह आधी वायरीत ओवायची, हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळेच विसरतात.

वरून काळी चिकट टेप नको, पुन्हा तेच होईल. कापडी हार्नेस टेप आणि वर कॉरुगेटेड नळी.

वंगण

दोन गोष्टी राहिल्या.

ते पिवळं शेपूट वर्षानुवर्षं तिथेच असणार. मग फ्यूज आत्ताच का उडायला लागले? टेप सरकली हे एक. पण इंजिन मागे झोका घेऊन ब्रॅकेटपर्यंत पोहोचतंय, याचा अर्थ माउंटिंगचं रबर बसलंय. बॉनेट उघडं ठेवून, हँडब्रेक ओढून, दुसऱ्याला पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धवट सोडायला सांगा. तुम्ही बाजूला उभं राहून बघा, समोर नाही. इंजिन दोन-तीन बोटं उचललं जात असेल तर माउंटिंग बदला. नाहीतर उद्या ॲक्सिलरेटरची केबल किंवा रेडिएटरचा होस घासेल.

दुसरं, दुरुस्तीनंतर आठवडाभर १५ ऐवजी १० चा लाल फ्यूज लावा. तुमचा खरा लोड पाचाचा, रिव्हर्ससकट नऊच्या आत, तोही काही सेकंद. १० चा टिकला तर शेपूट एकच होतं. मग १५ चा परत.

फेरफटका_९२

जोड झाला, कापलेल्या भागात वीसपैकी सात तारा तुटलेल्या निघाल्या. पुढचं माउंटिंग चिरलेलं होतं, बदललं. इंजिन ढकलून बल्ब आता अंधारातच. लाल १० चा लावून आठ दिवस, रोजचे फ्लायओव्हर, एकदाही नाही.

फक्त एक शंका. डब्यात त्या फ्यूजची एक क्लिप तपकिरी पडलीय. फ्यूज बसवताना ती बाजू सैल लागते. सँडपेपर मारू?

पाना_दहा_अकरा

सँडपेपर नको. क्लिपवरचा कथिलाचा मुलामा जातो आणि उघडं पितळ दुप्पट वेगाने काळं पडतं. आधी मोजा: चावी ऑन, पॉइंट मिटलेले, मीटर व्होल्टवर. एक पिन डब्याच्या मागून आत येणाऱ्या वायरीवर, दुसरी बाहेर जाणाऱ्या वायरीवर. चार-पाच अँपिअरला पाव दशांशाच्या, म्हणजे ०.०५ व्होल्टच्या आत यायला हवं. फ्यूजचे स्वतःचे २३ मिलिव्होल्ट त्यात धरलेलेच आहेत.

वंगण

'पाव दशांश' नव्हे हो, अर्धा दशांश. ०.०५ बरोबर.

पाना_दहा_अकरा

बरोबर, अर्धा. हात घसरला.

फेरफटका_९२

०.१९ येतंय.

पाना_दहा_अकरा

मग क्लिप गेली. बॅटरीची निगेटिव्ह काढून डबा उलटा करा. क्लिपला मागून एक बारीक जीभ अडकवलेली असते, घड्याळाच्या स्क्रूड्रायव्हरने ती दाबली की वायरीसकट क्लिप बाहेर येते. वायरीचं शेवटचं इंचभर कव्हर कडक, तपकिरी असेल तर तेवढं कापून टाका. जळक्या तांब्यावर क्रिंप धरत नाही. त्याच मापाची नवी क्लिप ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात सुटी मिळते, जुनी नमुना म्हणून घेऊन जा. नवा फ्यूज घालताना बोटाला नीट रेटा लागला पाहिजे.

फेरफटका_९२

बसवली. ०.०३. वायर दीड इंच कापावी लागली, आत तांबं काळं होतं. निळा १५ चा परत जागेवर. उरलेले दोन लाल कप्प्यात ठेवलेत, आणि बल्बवाला प्लगही.

लाल_मातीचा_रस्ता

तो प्लग मला दोन दिवस द्या. अँबेसिडरचा धागा काढलाय. ब्रेक दाबला की उडतो.